कोकणातील सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी मराठी भाषेचे वार्षिक नियोजन: नव्या शिक्षकांसाठी मार्गदर्शन

जून उजाडला, की नव्याने रुजू झालेल्या भाषाशिक्षकाकडून पहिली मागणी होते ती वार्षिक नियोजनाची. बहुतेक जण पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका उघडतात, पाठ आणि कविता मोजतात, त्यांना महिन्यांनी भागतात आणि तक्ता भरून मुख्याध्यापकांची सही घेतात. असा तक्ता कागदावर व्यवस्थित दिसतो. पण त्यातून मुलाला वर्षअखेर काय लिहिता यावे, काय वाचून समजावे आणि चार लोकांपुढे काय बोलता यावे, याचे उत्तर मिळत नाही. भाषेचे नियोजन या उत्तरापासूनच सुरू करावे, आणि पाठ्यपुस्तकातील पाठ त्या उत्तराच्या सेवेला लावावेत, अशी या लेखाची भूमिका आहे. कोकणात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इथले शाळेचे वर्ष पाऊस, शेती, दर्या आणि सण यांच्या वेळापत्रकाला बांधलेले असते. शिक्षक लातूरहून आलेला असो किंवा कोल्हापूरहून, त्याने हे वेळापत्रक आधी समजून घेतले, तर तेच त्याला नियोजनाची चौकट पुरवते.

कामाला बसण्यापूर्वी

जवळ फार काही लागत नाही. ज्या वर्गाला शिकवायचे त्याचे बालभारतीचे पाठ्यपुस्तक तर हवेच. त्याबरोबर मागच्या आणि पुढच्या इयत्तेचेही हवे, कारण सातवीला काय गृहीत धरायचे ते सहावीच्या पुस्तकातून कळते आणि कुठवर न्यायचे ते आठवीच्या. पुस्तकात छापलेल्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे वर्षअखेर मुलाला काय यायला हवे याची यादी, पुष्कळ शिक्षक नजरेआड करतात. त्या सावकाश वाचाव्यात आणि प्रत्येकीसमोर पेन्सिलीने एकच गोष्ट लिहावी: हे मुलाला येते की नाही, ते मला कशावरून दिसेल? ज्या निष्पत्तीपुढे उत्तर सुचत नाही, तिच्यासाठी वर्षात एखादा उपक्रम वेगळा योजावा लागणार, हे तिथेच कळते.

इंग्रजी किंवा उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवायची असेल, तर पुस्तक सुलभभारतीचे असते आणि अपेक्षाही वेगळ्या असतात. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे केले आहे. त्यामुळे रत्नागिरी किंवा रायगडमधील अशा शाळांतही हे काम नेमाने करावे लागते. पुढील मांडणी मराठी माध्यम डोळ्यांसमोर ठेवून केली आहे; इतर माध्यमांत लेखनाची लांबी कमी करून संभाषणाला जास्त तासिका द्याव्यात, एवढा बदल पुरतो.

वर्षाचे खरे दिवस

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापनाचे तास ठरलेले आहेत. समजा, वेळापत्रकात मराठीला आठवड्याला सहा तासिका आहेत. म्हणजे कागदावर सुमारे २२० तासिका मिळतात. यांतील १७५ तासिकांचेच नियोजन करावे, असा माझा आग्रह आहे. उरलेल्या तासिका परीक्षा, स्पर्धा, स्नेहसंमेलन, प्रशिक्षणे आणि मुसळधार पावसामुळे जाहीर होणाऱ्या सुट्ट्या यांत जातात. त्या जाणार हे आधीच मान्य केले, तर मार्चमध्ये चार पाठ एका आठवड्यात उरकण्याची वेळ येत नाही.

आता हे दिवस वर्षभर कसे पसरले आहेत ते पाहावे. जूनच्या अखेरीपासून जुलैपर्यंत भातलावणी असते. शेतकरी घरांतील मोठी मुले या दिवसांत शेतावर असतात, आणि आठवीच्या वर्गातली हजेरी त्यामुळे घटते. नवा आणि अवघड घटक या पंधरवड्यात सुरू करू नये. उलट, जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. एरवी पहाटे दर्यावर जाणारे वडील, आजोबा, काका त्या वेळी घरी असतात, जाळी विणत बसलेले असतात. मुलाखतीसारखा उपक्रम किनाऱ्यालगतच्या शाळेत याच काळात जमतो. एकाच महिन्यात शेतकरी घर कामात बुडालेले आणि मच्छीमार घर मोकळे, ही परिस्थिती एकाच वर्गात असू शकते. म्हणून आपल्या शाळेच्या वाड्या कोणत्या आणि तिथले धंदे कोणते, याची नोंद नियोजनाच्या वहीच्या पहिल्याच पानावर असावी.

पावसाची आणखी एक बाब आहे, तिचा उल्लेख कोणत्याही हस्तपुस्तिकेत सापडत नाही. वर्गखोलीवर पत्रे असतील, तर जोराची सर आल्यावर शिक्षकाचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोहोचत नाही. प्रकट वाचन, श्रवण, चर्चा हे सारे थांबते. यासाठी जून ते सप्टेंबरपर्यंत मूक वाचनाचे उतारे आणि लेखनाच्या कृती असलेल्या दहा-बारा कार्डांचा एक संच कपाटात तयार ठेवावा. सर आली, की कार्डे वाटावीत. वीज गेल्यावर फळाही नीट दिसत नाही, म्हणून कार्डावरील अक्षर ठळक आणि मोठे असावे.

गौरी-गणपतीच्या सुट्टीच्या आधीचे आणि नंतरचे काही दिवस मुलांचे मन घरी असते. मुंबईचे चाकरमानी आलेले असतात. शिमग्याला गावची पालखी बाहेर पडली, की तीच स्थिती. या दिवसांत चाचणी ठेवू नये. हे दोन्ही सण ज्यांना अडथळा वाटतात, त्या शिक्षकांना मी एवढेच सुचवेन, की वर्षातील उत्तम लेखनविषय या दोन सणांच्या लगेच नंतरच्या आठवड्यात मुलांपाशी असतात. त्या आठवड्यासाठी लेखनाच्या तासिका राखून ठेवाव्यात.

मुले कुठे आहेत ते पाहणे

पहिले दोन आठवडे पडताळणीचे. पाठ्यपुस्तक लगेच सुरू करण्याचा मोह आवरावा. या काळात प्रत्येक मुलाकडून तीन गोष्टी करून घ्याव्यात: आधी न पाहिलेला सुमारे शंभर शब्दांचा उतारा शिक्षकाजवळ बसून मोठ्याने वाचणे, त्यावर तोंडी दोन प्रश्नांची उत्तरे देणे, आणि ‘आमच्या घरामागे काय आहे’ यासारख्या साध्या विषयावर मनाने आठ-दहा ओळी लिहिणे. विषय मुलाच्या अगदी ओळखीचा असावा, कारण आपल्याला त्याचे सामान्यज्ञान तपासायचे नसून भाषा तपासायची आहे.

वाचनाची नोंद करताना मूल अडखळते कुठे ते लिहावे. जोडाक्षरावर अडखळणारे मूल आणि ओळ सरळ वाचूनही अर्थ न सांगू शकणारे मूल, या दोघांची गरज वेगळी आहे. पहिल्याला रोज पाच मिनिटांचा वाचनसराव लागतो. दुसऱ्याला उताऱ्यापूर्वीच्या गप्पा आणि शब्दांची ओळख लागते. सहावीत काही मुले अजून अक्षरओळखीच्या आसपास असतात, हे वास्तव आहे. त्यांची यादी स्वतंत्र ठेवावी आणि त्यांच्यासाठी दररोजची दहा मिनिटे ठरवावीत. त्यांना वर्गापासून तोडून मात्र बसवू नये, कारण ऐकणे आणि बोलणे यांत ही मुले अनेकदा पुढे असतात.

लेखनाच्या वह्या तपासताना बोलीचा प्रश्न समोर येतो. त्यावर थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे.

बोली आणि प्रमाण भाषा

सिंधुदुर्गात मालवणी, रत्नागिरीच्या बऱ्याच भागात संगमेश्वरी, रायगडात आगरी, पालघरकडे वारली आणि किनाऱ्यावर ठिकठिकाणी कोळी बोली, अशी मुलांची घरची भाषा वेगवेगळी आहे. बाहेरून आलेल्या शिक्षकाला ती सुरुवातीला कळत नाही, आणि वहीतील तिच्या खुणा त्याला ‘अशुद्ध’ वाटतात. प्रत्यक्षात त्या खुणांना नियम असतो, आणि तो नियम एकदा ओळखला, की वर्षाच्या भाषाभ्यासाचा अर्धा आराखडा तयार होतो.

मालवण परिसरातील सातवीचे मूल आजोबांकडून ऐकलेली माहिती असे लिहू शकते: ‘आजो सांगता, रापण ओढूक खूप माणसा व्हयी. पयली होडी दर्यात जाता आनी जाळा सोडीत परत येता.’ या दोन वाक्यांत लाल शाईने दहा ठिकाणी खुणा केल्या, तर मुलाला एवढेच कळते, की आपल्याला लिहिता येत नाही. त्याऐवजी खुणांचे गट पाडावेत. ‘सांगता’, ‘जाता’, ‘येता’ ही तीन रूपे एकाच नियमाची आहेत. मालवणीत वर्तमानकाळी क्रियापद तृतीय पुरुषी कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही. तो जाता, ती जाता, ता जाता, सगळे एकच. प्रमाण मराठीत तो जातो, ती जाते. म्हणजे या मुलाला, आणि बहुधा त्याच्या शेजारी बसलेल्या सगळ्यांना, कर्त्याच्या लिंगानुसार क्रियापद बदलण्याचा एक पाठ हवा आहे. ‘ओढूक’ आणि ‘ओढायला’ हा दुसरा पाठ. ‘आनी’ व ‘पयली’ हे उच्चाराप्रमाणे केलेले लेखन आहे. तो तिसरा आणि सर्वांत सोपा.

पहिल्या वेळी यांपैकी एकच नियम घ्यावा. फळ्याचे दोन भाग करावेत, डावीकडे घरची वाक्ये आणि उजवीकडे पुस्तकातली, आणि फरक मुलांनीच शोधून नियम आपल्या शब्दांत सांगावा. पुन्हा लिहिताना तेच मूल लिहील: ‘आजोबा सांगतात, की रापण ओढायला खूप माणसे लागतात. आधी होडी समुद्रात जाते आणि जाळे सोडत परत येते.’ ‘रापण’ हा शब्द इथे तसाच राहतो, कारण किनाऱ्यावरून ओढायच्या त्या मोठ्या जाळ्याला तेच नाव आहे. आजोबांचे बोलणे अवतरणचिन्हात जसेच्या तसे मालवणीत द्यायचे असेल, तर तेही द्यावे. किंबहुना अवतरणचिन्ह कशासाठी असते, हे शिकवण्याची याहून चांगली संधी नाही. वर्गात बोलताना बोलीला कोणतीही मनाई नसावी. आपण घरी बोलतो ते चूक आहे, असे ज्या मुलाला वाटू लागते ते मूल वर्गात गप्प होते, आणि गप्प मुलाला भाषा शिकवता येत नाही.

वर्षअखेरचे लेखन आधी ठरवावे

आता नियोजनाचे मुख्य पान. प्रत्येक इयत्तेसाठी वर्षअखेर मुलाने स्वतःच्या बळावर करावयाच्या दोन-तीन कृती निश्चित कराव्यात. माझी शिफारस अशी आहे. सहावीच्या मुलाला पाहिलेल्या प्रसंगाचे क्रमवार वर्णन पंधरा-वीस ओळींत करता यावे, घरच्या माणसाला पत्र लिहिता यावे आणि वाचलेली गोष्ट न पाहता पाच मिनिटे सांगता यावी. सातवीच्या मुलाला एखादी प्रक्रिया टप्प्याटप्प्याने समजावून देता यावी, मुलाखत घेऊन ती लिहून काढता यावी आणि औपचारिक पत्र लिहिता यावे. आठवीच्या मुलाला बातमी लिहिता यावी, एखाद्या प्रश्नावर कारणांसह मत मांडता यावे आणि दोन पानांच्या मजकुराचा सारांश एक-तृतीयांशात करता यावा. यादी याहून लांबवू नये. निबंधाचे आठ प्रकार वरवर करण्यापेक्षा तीन प्रकार पुन्हा पुन्हा आणि खोल करणे फलदायी ठरते.

ही यादी निश्चित झाल्यावरच पाठ्यपुस्तक उघडावे आणि प्रत्येक पाठासमोर तो कोणत्या कृतीला उपयोगी पडतो ते लिहावे. एखादा आत्मकथनाचा उतारा प्रसंगवर्णनाला नमुना म्हणून चालतो, माहितीपर पाठ प्रक्रियालेखनाला, संवादात्मक पाठ मुलाखतीला. पाठांचा क्रम बदलण्यास हरकत नाही; त्या सत्राच्या संकलित (सत्रअखेरच्या) परीक्षेपर्यंत त्या सत्राचे पाठ झालेले असावेत, एवढे सांभाळावे.

सात घटकांत वर्ष

१७५ तासिकांत साधारण अठरा तासिकांचे सात घटक बसतात. उरलेल्या पन्नासेक तासिकांत सुरुवातीची पडताळणी, चाचण्या, त्यानंतरची उजळणी आणि मागे पडलेल्या मुलांचे काम येते. कोकणातील वर्षाला जुळणारा एक क्रम पुढे देत आहे.

पडताळणी संपली, की जुलैच्या पूर्वार्धात वर्णनाचा छोटा घटक घ्यावा. हजेरी कमी असते, म्हणून या घटकाच्या तासिका एकमेकींवर फार अवलंबून नसाव्यात. त्यानंतर नारळी पौर्णिमेपर्यंत मुलाखत आणि प्रक्रियालेखन. सप्टेंबरात, गणपतीनंतर, पत्रलेखन: सहावीने मुंबईला परतलेल्या नातेवाइकाला पत्र लिहावे, सातवीने गावातील वाहून गेलेल्या साकवाबद्दल (ओढ्यावरच्या लहान पुलाबद्दल) किंवा बंद पडलेल्या पथदिव्याबद्दल ग्रामपंचायतीला. ही पत्रे खरोखर पाठवावीत. ज्याचे उत्तर येऊ शकते ते पत्र मूल अधिक काळजीने लिहिते, आणि पत्ता, दिनांक, विषय या गोष्टी कशासाठी असतात ते त्याला सांगावे लागत नाही.

ऑक्टोबरात कविता. आधुनिक मराठी कवितेचे जनक मानले गेलेले केशवसुत ७ ऑक्टोबर १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे जन्मले. गणपतीपुळ्याजवळच्या त्या गावात त्यांचे स्मारक आहे, आणि त्या भागातील शाळांनी सहल तिथेच न्यावी. मराठीत सुनीत हा चौदा ओळींचा काव्यप्रकार त्यांनी आणला. आठवीच्या मुलांना ओळी मोजून, यमके खुणावून त्याची रचना पाहता येते. पाडगावकर आणि आरती प्रभू हे दोघेही वेंगुर्ले परिसरातले. आपल्या तालुक्यातून कवी होतात, हे मुलांना समजले पाहिजे. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन याच घटकात येतो. मात्र कवितेचा घटक परीक्षेच्या तोंडावर असल्याने लहान ठेवावा, आणि सगळ्या कविता इथेच संपवू नयेत. बाकीच्या वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे म्हणाव्यात.

दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम सुरू होतो, आणि सिंधुदुर्गात गावोगावी दशावतार या लोकनाट्याचे प्रयोग रंगतात. दशावतारातील नट लिहिलेली संहिता पाठ करत नाहीत. कथानक ठरलेले असते आणि संवाद रंगमंचावर आयत्या वेळी रचले जातात. संवादलेखनाच्या घटकासाठी यापेक्षा समृद्ध साधन कुठून आणणार? मुलांनी जत्रेत पाहिलेल्या प्रसंगातील दोन पात्रे घेऊन आधी तोंडी संवाद रचावेत, मग ते लिहून काढावेत, आणि बोललेल्या व लिहिलेल्या संवादात काय बदलले ते तपासावे. रत्नागिरीत नमन-खेळे किंवा जाखडी या लोककलांतील सवाल-जवाब याच कामाला येतात. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी परंपरा चित्रे दाखवत कथा सांगण्याची आहे; सहावीच्या कथाकथनासाठी तिचा नमुना घ्यावा. मुलांनी पाच चित्रे काढावीत आणि एकेक दाखवत गोष्ट सांगावी. मुद्दे विसरणारे मूलही चित्र हाती असले, की गोष्ट शेवटापर्यंत नेते.

जानेवारी बातमीलेखनाचा. बाळशास्त्री जांभेकर हे देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले आणि तो दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे ठेवण्याऐवजी वर्गाने चार पानांचे हस्तलिखित वार्तापत्र काढावे. काय, कोठे, केव्हा, कोण, का आणि कसे यांची उत्तरे पहिल्या परिच्छेदात आली पाहिजेत, ही एकच अट ठेवावी. फेब्रुवारीत, २७ तारखेच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास, मतलेखन सुरू करावे आणि शिमग्यापर्यंत ते पूर्ण करावे. ‘मासळी बाजार गावात कुठे असावा’ हा प्रश्न ‘पर्यावरणाचे महत्त्व’ या विषयापेक्षा कितीतरी चांगला, कारण पहिल्यावर वर्गात दोन बाजू पडतात आणि कारणे द्यावी लागतात.

एक घटक जवळून

मुलाखतीचा घटक कसा उलगडतो ते पाहू. पहिल्या दोन-तीन तासिकांत पाठ्यपुस्तकातील जवळचा पाठ वाचून प्रश्न आणि उत्तर यांचे नाते पाहावे. मग मुलांनी कोणाशी बोलायचे ते ठरवावे: जाळे विणणारे काका, काजू सोलणारी आजी, जांभा दगड काढणारे कामगार, पोस्टमन. त्यानंतर प्रश्नांचे काम, आणि या कामावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. मुले प्रथम ‘तुम्हाला हे काम आवडते का?’ असे प्रश्न काढतात. उत्तर ‘हो’ एवढेच येते आणि मुलाखत तिथेच संपते. तेव्हा फळ्यावर तोच प्रश्न मुलांकडून बदलून घ्यावा: ‘जाळे विणायला तुम्ही कोणाकडून शिकलात, आणि सुरुवातीला काय अवघड गेले?’ प्रत्येक मुलाने दहा प्रश्न लिहावेत, जोडीदाराने त्यांतील ‘हो-नाही’वर संपणारे खोडावेत, आणि उरलेले सहा घेऊन मूल घरी जावे.

मुलाखत बोलीतच होणार, आणि ती तशीच व्हावी. मुलाने मुद्दे टिपावेत. जमेल तिथे मोबाइलवर त्या माणसाची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे. पुढच्या पाच-सहा तासिका लेखनाच्या. पहिला खर्डा, जोडीदाराने विचारलेले दोन प्रश्न, शिक्षकाची एकच सूचना, दुसरा खर्डा. याच टप्प्यावर वर सांगितलेला बोली आणि प्रमाण भाषेचा पाठ घ्यावा. शेवटच्या दोन तासिकांत मुलाखती वाचून दाखवाव्यात, आणि शक्य असेल तर ज्यांची मुलाखत घेतली त्यांना वर्गात बोलवावे. ज्या आजीला आपले बोलणे नातवाच्या वर्गात वाचलेले ऐकू येते, ती नातवाच्या अभ्यासाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागते.

आठवड्याची घडी

सहा तासिकांपैकी दोन पाठाच्या वाचनाला व चर्चेला, एक भाषाभ्यासाला, दोन लागोपाठच्या लेखनाला आणि एक अवांतर वाचनाला द्यावी. लेखनाच्या दोन तासिका लागोपाठ मिळाव्यात, यासाठी जूनमध्येच वेळापत्रक करणाऱ्या सहकाऱ्याशी बोलून घ्यावे. पस्तीस मिनिटांत खर्डा पूर्ण होत नाही. अवांतर वाचनाची तासिका इतर कामांत सर्वांत आधी बळी पडते. तिला शनिवारी सकाळी पहिला क्रमांक द्यावा.

त्या तासिकेसाठी पुस्तके कुठून आणायची, हा प्रश्न लहान शाळांत खरा आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. गावातील किंवा जवळच्या बाजारपेठेतील सार्वजनिक वाचनालयाशी बोलून महिन्याला वीस-पंचवीस पुस्तकांची पेटी मागवावी. कोकणात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८मध्ये स्थापन झाले. बहुतेक ग्रंथपाल अशा विनंतीला आनंदाने होकार देतात. मुलाने पुस्तक वाचल्यावर त्याच्याकडून सारांश लिहून घेऊ नये. पुस्तकाविषयी शेजाऱ्याला दोन मिनिटे सांगितले, की पुरे.

व्याकरण

व्याकरणाचे स्वतंत्र पुस्तक वर्षभर चालवण्याची गरज नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १८ नियम शिक्षकाला स्वतःला नीट माहीत असावेत. मुलांना ते लेखनात अडतील तसे द्यावेत. उदाहरणार्थ, साकवाच्या पत्रात ‘पूलावर’ असे दहा वह्यांत आढळले, तर त्या आठवड्याचा भाषाभ्यास ठरला: पूल पण पुलावर, मूल पण मुलाला, मीठ पण मिठाचा, वकील पण वकिलाला. मुलांनी अशा जोड्या पाठातून शोधाव्यात. मग कोणीतरी ‘गीत–गीतात’ किंवा ‘शरीर–शरीराला’ ही जोडी घेऊन येईल, आणि संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा नियम पाळत नाहीत, ही पुढची पायरी आपोआप समोर येईल. संधी आणि समास परीक्षेसाठी आवश्यक तेवढे करावेत. शब्दसंपत्तीला त्यांचा उपयोग होतो, मुलाच्या वाक्यरचनेला फारसा होत नाही.

मूल्यमापन

२० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात सहावीला आकारिक (वर्षभराच्या वर्गकामाचे) व संकलित (सत्रअखेरचे) मूल्यमापन यांना निम्मा-निम्मा भारांश दिला, तर सातवी आणि आठवीला आकारिकला ४० आणि संकलितला ६०. २०२३–२४पासून आठवीच्या अखेरीस वार्षिक परीक्षाही आली आहे. मूल्यमापनाच्या सूचना अलीकडे वारंवार बदलत असल्याने जूनमध्ये केंद्रप्रमुखांकडून चालू परिपत्रक घ्यावे.

आकारिक नोंदींसाठी वेगळे प्रकल्प काढून पालकांकडून सजवलेल्या फायली जमा करण्यात अर्थ नाही. घटकांतून निघालेली मुलाखत, पत्र, संवाद, वार्तापत्र हेच उपक्रम आणि प्रकल्प आहेत. तपासताना मजकूर, मांडणी, वाक्यरचना आणि लेखननियम असे चारच निकष ठेवावेत आणि ते मुलांना लेखनाआधी सांगावेत. प्रत्येक वहीतील प्रत्येक चूक दुरुस्त करू नये. त्या घटकात जो नियम शिकवला त्याच्याच चुका खुणावाव्यात, बाकीच्या स्वतःच्या नोंदवहीत लिहून ठेवाव्यात. पुढचा भाषाभ्यास त्यांतूनच निवडायचा असतो.

वर्ग एकत्र बसत असतील तर

पटसंख्या कमी असलेल्या शाळांत सहावी-सातवी, कधी तिन्ही वर्ग एका खोलीत असतात. अशा ठिकाणी तिन्ही इयत्तांचा घटक एकच ठेवावा आणि अपेक्षा वेगळ्या ठेवाव्यात. मुलाखत सगळ्यांनीच घ्यावी. सहावीने त्यातील एक प्रसंग लिहावा, सातवीने पूर्ण मुलाखत आणि आठवीने तिच्यावरून बातमी. पाठ्यपुस्तकातील पाठ मात्र आलटून-पालटून घ्यावे लागतात. एका वर्गाचे वाचन चालू असताना दुसऱ्या वर्गाला कार्डावरचे काम द्यावे. पावसाळ्यासाठी केलेला कार्डसंच इथे वर्षभर उपयोगी पडतो.

नियोजन दुरुस्त करणे

पहिल्या सत्राची परीक्षा झाली, की दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एक दुपार या कामाला द्यावी. किती तासिका प्रत्यक्ष झाल्या ते हजेरीपटावरून मोजावे, ठरवलेल्या घटकांपैकी कोणता अर्धवट राहिला ते लिहावे, आणि दुसऱ्या सत्रातील एक घटक गरज पडल्यास काढून टाकावा. काढायचाच असेल, तर संवादाचा घटक लहान करावा. मतलेखन काढू नये, कारण पुढे नववीत त्याच कौशल्यावर बराचसा भार येतो. जूनमध्ये घेतलेल्या आठ-दहा ओळी जपून ठेवलेल्या असतातच. त्याच विषयावर मुलांकडून पुन्हा लिहून घ्यावे आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून मुलासोबत पाहावेत. जिथे क्रियापद अजूनही कर्त्याला जुळत नाही, वाक्य कुठे संपते ते कळत नाही, किंवा दहा ओळींच्या दोनच झाल्या आहेत, त्या मुलांची नावे नियोजनाच्या वहीत नोव्हेंबरच्या पानावर लिहावीत आणि त्यांच्यासाठी दररोजची दहा मिनिटे वेळापत्रकात पक्की करूनच सुट्टीवर जावे.